एका चाकूचा जमाखर्च

गेल्या वैशाखात माझा भाचा अमेरिकेहून तीन आठवड्यांच्या रजेवर आमच्याकडे साताऱ्यास आला होता. दुपारची जेवणे आटोपून मंडळी वामकुक्षीच्या तयारीत होती, आणि मी ओटीवरील झोपाळ्यावर बसून रत्नागिरीहून आलेल्या आंब्याच्या पेटीची सुतळी कापण्याच्या खटपटीत होतो. हातात माझा नेहमीचा चाकू होता. परंतु त्याचे पाते नखाने ओढून उघडावे लागते, आणि साठी उलटल्यापासून माझी नखे व बोटे या कामी पूर्वीइतकी आज्ञाधारक राहिलेली नाहीत. ही झटापट भाचा थोडा वेळ निमूटपणे पाहत होता. मग त्याने विजारीच्या खिशातून करड्या रंगाची, बोटाएवढ्या लांबीची एक वस्तू काढली, तिच्यावरून नुसता अंगठा फिरविला, 'टक्' असा बारीक पण निश्चयी आवाज झाला, आणि सुतळी खाली पडली. ती तुटली म्हणण्यापेक्षा तिने आपण होऊन वाट दिली असे म्हणणे अधिक खरे होईल.

"मामा, हा वापरून पाहा," तो म्हणाला. "मी आहे तोवर तुमच्यापाशीच असू द्या. आवडला तर पुढच्या खेपेस असाच कोरा घेऊन येतो. पैशांचे मग पाहू."

पैशांचे मग पाहू! ज्या माणसाने उभा जन्म हिशेबाच्या वह्यांत घालविला, आणि जो सेवानिवृत्तीनंतरही घरच्या चौदा माणसांचा जमाखर्च रोज रात्री लिहून मगच अंथरुणास पाठ लावतो, त्याच्या कानांना हे वाक्य कसे लागले असेल याची कल्पना वाचकांपैकी जे कोणी आपापल्या घरचे कारभारी असतील त्यांनाच येईल. मी किंमत विचारली. त्याने आढेवेढे घेतले. मी पुन्हा विचारली. "चारशे डॉलरांच्या वर आहे," असे तो शेवटी खालच्या आवाजात म्हणाला. मी मनातल्या मनात गुणाकार केला, आणि पस्तीस-चाळीस हजार रुपये हा आकडा डोळ्यांपुढे उभा राहताच तो चाकू एखादे काचेचे भांडे ठेवावे तसा हळूच झोपाळ्याच्या फळीवर ठेवून दिला.

पाच मिनिटांनी तो पुन्हा हातात घेतला, हेही येथेच सांगून टाकलेले बरे.

या चाकूचे नाव सेबेंझा. झुलू भाषेत या शब्दाचा अर्थ 'काम' असा आहे. ख्रिस रीव्ह हा दक्षिण आफ्रिकेतील कारागीर १९८९ मध्ये अमेरिकेतील आयडाहो राज्यात, बॉयसी येथे येऊन स्थायिक झाला, आणि त्याने काढलेल्या कारखान्यात हे चाकू घडविले जातात. दिसावयास तो अगदी साधा: टिटॅनियमच्या दोन पट्ट्यांची मूठ, आत तीन इंचांचे पाते, आणि पाते सुरळीत फिरावे म्हणून दोहो अंगांस फॉस्फर ब्राँझच्या चकत्या. नक्षी नाही, चकाकी नाही. खरी मौज आहे ती त्याच्या कुलपात. मुठीच्याच एका पट्टीला लांबट चीर देऊन तिचा एक भाग कमानीसारखा लवचीक केलेला असतो. पाते पुरते उघडले, की हा भाग आत सरकून पात्याच्या बुडाशी उभा राहतो आणि अंगठ्याने बाजूस सारीपर्यंत पात्याला मिटू देत नाही. म्हणजे मूठ जो जो घट्ट आवळावी, तो तो कुलूप अधिक पक्के! ही युक्ती रीव्ह याचीच; पुढे अनेक देशांतील चाकूवाल्यांनी ती उचलली.

माझा जुना चाकू वडिलांचा. तो शेफील्डचा, सांबरशिंगी मुठीचा आहे. पात्यावरील अक्षरे माझ्या लहानपणीच पुसट झाली होती, आता ती बोटांना चाचपूनच कळतात. वडिलांच्या शाळकरी वयात कित्ता बोरूने गिरवावा लागे, आणि बोरूचे टोक तिरपे कापण्यासाठी आजोबांनी त्यांना तो घेऊन दिला होता. पुढे वडील स्वतः शिक्षक झाले, बोरू गेले, टाक गेले, तरी चाकू मात्र त्यांच्या कोटाच्या डाव्या खिशात कायम राहिला. जून महिन्यात शाळा उघडण्याच्या आदल्या रविवारी ते ओटीवर जुने वर्तमानपत्र पसरून बसत आणि घरातील यच्चयावत् मुलांच्या पेन्सिली तासून ओळीने मांडून ठेवीत. यंत्रात फिरवून काढलेले टोक त्यांना मान्य नव्हते. "त्याला मान नसते, नुसते डोके असते," असे ते म्हणत, आणि खरोखरच त्यांनी तासलेल्या पेन्सिलीची मान चांगली बोटभर लांब असे. वडिलांच्या मागे हे काम मजकडे आले. गेल्या वर्षी सतरा पेन्सिली होत्या.

ऐंशीहून अधिक वर्षे दगडावर घासून त्या चाकूचे पाते निम्मे उरले आहे. त्याला कुलूप नाही. पाठीमागच्या कमानीच्या जोरावर पाते उघडे राहते, आणि ती कमानही आता थकली आहे. गेल्या दिवाळीत माझ्या पुतण्याच्या मुलाने आकाशकंदिलाचा पुठ्ठा भोसकण्यासाठी तो चाकू घेतला, आणि पाते उलटून त्याच्या तर्जनीवर मिटले. तीन टाके घालावे लागले. वस्तुतः असा चाकू कापण्यासाठी असतो, भोसकण्यासाठी नव्हे, आणि अकरा वर्षांच्या मुलाच्या हाती तो देणारा मीच होतो. तेव्हा दोष कोणाचा हे निराळे सांगावयास नको. तेव्हापासून तो माझ्या कपाटात कुलपाआड असतो.

हे सर्व येथे लिहिण्याचे कारण एवढेच, की माझा मोह अगदीच निराधार होता असे वाचकांनी समजू नये. बोटे ऐकत नाहीत, जुना चाकू मुलांना धोक्याचा, आणि नवा अंगठ्याने उघडतो व कुलपाने धरून ठेवतो. मोह जेव्हा अशी कारणे बरोबर घेऊन येतो, तेव्हा त्याला दारातून परत पाठविणे फार कठीण जाते.

पुढचे आठ दिवस मी दोन्ही चाकू दोन खिशांत घालून हिंडत होतो. घरातील स्त्रियांनी त्याबद्दल बरीच थट्टा केली, परंतु परीक्षा करावयाची तर ती नीट करावी, हा माझा जुना स्वभाव. माळ्यावरची वडिलांची पुस्तके नव्या कपाटात लावावयाची होती, ती सत्तावीस खोक्यांत बांधून ठेवलेली होती. पुठ्ठा कापण्याचे काम धारेला फार वाईट, कारण त्यात धूळ व खर भरलेली असते. माझ्या चाकूला त्या एका दिवसात दोनदा दगड दाखवावा लागला. भाच्याच्या चाकूने सत्तावीस खोकी फाडून संध्याकाळी वर्तमानपत्राच्या कागदाची चिरफाळी तितक्याच सहजतेने केली.

याचे रहस्य भाच्याने मला रात्री गच्चीवर समजावून सांगितले. त्या पोलादाचे नाव मॅग्नाकट. लॅरिन थॉमस या अमेरिकन धातुशास्त्रज्ञाने ते सिद्ध केले आणि २०२१ मध्ये ते लोकांपुढे आले. साधे पोलाद वितळवून ओतले म्हणजे ते सावकाश निवते, आणि निवता निवता त्यातील कार्बाइड नावाचे कठीण कण एकत्र येऊन मोठे होतात, जशा शिऱ्यात रव्याच्या गुठळ्या व्हाव्यात. नव्या रीतीत वितळलेल्या पोलादाचा झोत वायूच्या माऱ्याने उडवून त्याची भुकटी करतात. प्रत्येक थेंब इतका लहान, की तो जागच्या जागी थिजतो आणि कणांना वाढण्यास अवसरच मिळत नाही. मग ती भुकटी उष्णता व दाब देऊन एकजीव करतात. दुसरीही एक जुनी अडचण होती. गंज लागू नये म्हणून पोलादात क्रोमियम घालावे, तर त्यातील काही कार्बनशी संयोग पावून ठिसूळपणा आणते. थॉमस याने घटकांचे प्रमाण असे जुळविले, की क्रोमियम पोलादातच विरघळून गंजाला अटकाव करीत राहते, आणि कठीण कण बनतात ते व्हॅनेडियम व नायोबियम यांचे. ही भुकटी तेव्हा तयार करणाऱ्या न्यूयॉर्क राज्यातील कारखान्याचे नाव होते क्रुसिबल, म्हणजे आपली मूस. २०२४ च्या डिसेंबरात त्या कारखान्याने दिवाळखोरीचा अर्ज केला, हे ऐकून मला उगाच हळहळ वाटली.

हळहळ वाटण्याचे कारण त्या नावात होते. मुशीत लोखंड घालून त्याचे उत्तम पोलाद करण्याची विद्या आपल्या दक्षिण हिंदुस्थानातील लोहारांना फार पूर्वीपासून अवगत होती. अठराव्या शतकाच्या अखेरीस मुंबईस राहणाऱ्या डॉ. हेलेनस स्कॉट यांनी या 'वुट्झ' पोलादाचे नमुने लंडनच्या रॉयल सोसायटीचे अध्यक्ष सर जोसेफ बँक्स यांजकडे धाडले, आणि त्यांवरील जॉर्ज पिअर्सन यांचा निबंध १७९५ मध्ये सोसायटीपुढे वाचला गेला. अध्यक्षांच्या इच्छेवरून जेम्स स्टोडार्ट नावाच्या कारागिराने त्या पोलादाचे काय केले असेल? लेखणी तासण्याचा एक चाकू! आणि तो उत्तमोत्तम पोलादी चाकूच्या तोडीचा उतरला. पुढे याच स्टोडार्टच्या साहाय्याने, लोहाराच्या पोटी जन्मलेल्या मायकेल फॅरडे यांनी पोलादाच्या मिश्रणांवर प्रयोग केले व ते १८२० आणि १८२२ मध्ये प्रसिद्ध केले. दोनशे तीस वर्षांपूर्वी मुंबईहून गेलेल्या पोलादाच्या चाकूकडे लंडनचे विद्वान ज्या कौतुकाने पाहत असतील, त्याच कौतुकाने मी साताऱ्याच्या गच्चीवर अमेरिकेच्या चाकूकडे पाहत होतो. असो. विषय चाकूच्या खरेदीचा आहे.

खोक्यांच्या परीक्षेत नवा चाकू निर्विवाद जिंकला. परंतु दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात लोणच्याच्या कैऱ्या निघाल्या, आणि तेथे निकाल इतका सरळ लागला नाही. विळी सोडून चाकूने कैरी चिरणाऱ्या माझ्याकडे आमच्या सौ. ने ज्या नजरेने पाहिले तिचे वर्णन येथे करीत नाही. जुना चाकू जुन्या, गंजणाऱ्या पोलादाचा. कैरीच्या आंबट रसाने तो पाहता पाहता काळानिळा पडला, आणि पहिल्या दोन फोडींना लोखंडाचा वास लागला. नव्याला कैरीचे काहीच वाटले नाही. मात्र घट्ट कैरीत खोलवर शिरण्याची वेळ आली, तेव्हा माझा झिजून कागदासारखा झालेला चाकू सरळ आरपार गेला, आणि पाठीकडे तीन मिलिमीटर जाडीचा तो नवा चाकू मध्यावर पोहोचल्यावर कैरी चिरण्याऐवजी दुभंगू लागला. अशा दणकट चाकूचे पाते जाड ठेवतात ते आडदांड कामासाठी. कैरीसाठी ते घडविलेलेच नसते. भाच्याने हे प्रामाणिकपणे मान्य केले. तो म्हणाला, धातुशास्त्रज्ञही हेच सांगतात, की कापण्याच्या कामी पोलादाच्या जातीपेक्षा धारेचा कोन आणि पात्याची जाडी यांना महत्त्व अधिक. वडिलांनी व मी मिळून ऐंशी वर्षांत जे दगडावर घासून घालविले, तेच कैरीच्या उपयोगी पडले होते.

धार लावण्याच्या बाबतीतही तसेच. माझा चाकू साध्या कुरुंदाच्या दगडावर पाच मिनिटांत तयार होतो. नव्या पोलादातील व्हॅनेडियमचे कण कुरुंदाहूनही कठीण असतात. म्हणून त्याच्यासाठी हिऱ्याच्या चुऱ्याची पट्टी बरी, असे भाच्याचे म्हणणे पडले. ती धार टिकते मात्र कितीतरी पट.

मी कागदावर दोन रकाने आखले होते. ते भरत आले, आणि माझ्या लक्षात येऊ लागले, की किंमत आणि उपयोग यांचा मेळ त्यांत कोठेच बसत नाही. फ्रान्समधील साव्हॉय प्रांतात ओपिनेल घराण्याचा चाकू १८९० पासून निघतो आहे: बीच लाकडाची मूठ, पातळ पाते, आणि १९५५ पासून गळ्याशी फिरते कडे, जे फिरविले की पाते मिटत नाही. किंमत त्या अमेरिकन चाकूच्या विसाव्या हिश्श्याच्या आसपास. स्वित्झर्लंडमधील कार्ल एल्सेनर याने १८९७ मध्ये नोंदविलेला फौजी अधिकाऱ्यांचा चाकू तर पुष्कळ वाचकांच्या घरी असेल. तोही काही हजारांच्या आतच येतो. म्हणजे कापण्याचे सारे काम पहिल्या दोन हजारांत होते. मग उरलेले अडतीस हजार कशाचे? मी त्याचा पुष्कळ विचार केला. ते त्या 'टक्' आवाजाचे. पाते फिरताना अंगठ्याला लागणाऱ्या त्या लोण्यासारख्या सुखाचे. कोठेही फट नाही, कोठेही खडखड नाही, हे पाहून हिशेब जुळल्यासारखे जे समाधान वाटते, त्याचे. हे सुख खोटे नव्हे. पण ते माझ्या एकट्याचे सुख होते, आणि घराच्या वहीत त्याला कोणत्या खात्यावर टाकावे ते मला सुचेना.

आमच्या घरी असा रिवाज आहे, की दहा हजारांवरचा कोणताही खर्च रात्रीच्या पंक्तीत बोलून दाखवावयाचा. रिवाज मीच घातलेला. त्यातून सुटका नव्हती. भाचा जाण्याच्या चार दिवस आधी, ताकभात कालविता कालविता मी शक्य तितक्या सहज स्वरात विषय काढला. चाकूचे गुण सांगितले. कुलूप सांगितले, पुतण्याच्या मुलाच्या बोटाची आठवण दिली, आणि किंमत सर्वांत शेवटी सांगितली. धाकटा भाऊ लगेच म्हणाला, "घ्या की, दादा. तुम्ही स्वतःसाठी कधी काय घेतलेत?" मधल्या भावानेही मान हलविली. आईला नीट ऐकू आले नसावे, ती म्हणाली, "कोण यायचे आहे?" सगळे हसले.

त्या हसण्यातच माझी धाकटी भावजय ताक वाढता वाढता थांबली आणि म्हणाली, "जुना बिघडला का हो, दादा?"

प्रश्न साधा होता. तिच्या आवाजात टोचून बोलण्याचा लवलेश नव्हता, हे मी शपथेवर सांगेन. तरीही पंक्तीत एकाएकी शांतता पसरली, कारण ते वाक्य तिचे नव्हते. ते माझे होते.

दोन वर्षांपूर्वी याच पंक्तीत तिने विजेवर चालणाऱ्या नव्या शिवणयंत्राची गोष्ट काढली होती. आमच्याकडे आईच्या वेळचे, पायाने चालवावयाचे यंत्र आहे. धाकटी भावजय त्याच्यावर घरातील मुलींचे परकर-पोलके, गणपतीचे पडदे आणि शेजारणींचे ब्लाउजसुद्धा शिवते. यंत्राची किंमत तिने वीस-बावीस हजार सांगितली होती. मी वर न पाहता विचारले होते, "जुने बिघडले आहे काय?" ती "नाही," म्हणाली, आणि विषय तेथेच संपला. पुन्हा तिने तो काढला नाही. मला ते आठवणीतही राहिले नव्हते. तिला राहिले असेल असे मला वाटत नाही. पण जे वाक्य घरात वारंवार ऐकू येते, ते माणसाच्या तोंडी आपोआप बसते. मुलांच्या सायकली, मधल्या भावाची आरामखुर्ची, आमच्या सौ. चा पाटा-वरवंटा जाऊन यावयाचे वाटणयंत्र, सर्वांना मी हाच एक उंबरठा घालून ठेवला होता. त्याचा मला थोडा अभिमानही होता.

त्या रात्री मी रोजकीर्द लिहावयास बसलो आणि उगाच दोन वर्षांपूर्वीची वही काढून चाळू लागलो. त्या दिवशीचे पान सापडले. दूध, भाजी, वाण्याचे बिल, आईची औषधे. शिवणयंत्राचा तेथे मागमूस नव्हता, आणि असणार तरी कसा? केलेला खर्च वहीत येतो. नाकारलेला येत नाही. इतकी वर्षे मी ही वही म्हणजे घराचे खरे चित्र समजत आलो होतो. कोणाला काय नको म्हटले, आणि नको म्हटल्यावर त्या माणसाने काय केले, याला तीत एकही रकाना नव्हता.

सौ. जागी होती. मी तिला विचारले, "ते नवे यंत्र तिला कशाला हवे होते, तुला ठाऊक आहे?"

"ठाऊक नसायला काय झाले? गुडघे दुखतात तिचे. पायटा मारवत नाही. शिवून उठली की भिंत धरून जिना चढते."

"मग तेव्हा बोलली का नाही?"

"तुम्ही यंत्राचे विचारलेत. गुडघ्याचे कुठे विचारलेत?"

यावर मी काही बोललो नाही. माझा जुना चाकूही बिघडलेला नव्हता. बिघडली होती ती माझी बोटे. आणि माझी बोटे बिघडल्याबरोबर मी आठ दिवस परीक्षा घेत होतो, रकाने आखीत होतो, रॉयल सोसायटीपर्यंत जाऊन आलो होतो.

थोड्या वेळाने सौ. च अंधारात म्हणाली, "चाकू घ्यायचा तर घ्या हो. मनाला आवडले म्हणून माणसाने कधी काही घेऊच नये की काय? माझ्या लग्नातली पैठणी काय थंडी वाजते म्हणून घेतली होती?" हा मुद्दा तिने माझ्या बाजूने मांडला होता, आणि तो बिनतोड होता. चांगली वस्तू चांगली आहे एवढ्याच कारणाने घेणे हा अपराध नाही, हे मला मान्य आहे; दुसऱ्या कोणाच्या घरी, दुसऱ्या कोणत्या वर्षी, मी तो चाकू निःशंकपणे घ्यावा असे सांगेनही. जो तो रोज वापरील, ज्याला त्याची निगा राखता येईल आणि ज्याच्या मागे कोणाचे मागणे थकलेले नाही, त्याने अवश्य घ्यावा. या शेवटच्या अटीत मी बसत नव्हतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी धाकट्या भावजयीस म्हणालो, "त्या यंत्राचे तेव्हाचे कागद तुझ्यापाशी आहेत का गं?" ती गोंधळली. "मी सहज विचारले हो काल, दादा. मनात काही आणू नका. चाकू घ्या तुम्ही." मी म्हणालो, चाकूचे चाकूपाशी राहू दे, यंत्राचे कागद आण. ती आत गेली ती बराच वेळ आलीच नाही. मग तिची मुलगी एक घडी घातलेले माहितीपत्रक घेऊन आली. घड्यांवर ते फाटत आले होते. दोन वर्षे ते शिवणाच्या डब्यात, कात्रीखाली होते म्हणे.

यंत्राची किंमत दरम्यान तीन हजारांनी वाढली होती. हा दोन वर्षांच्या माझ्या काटकसरीचा नफा.

यंत्र आले. ज्याने ते आणून दिले त्या माणसाने पायाखालची कळ कशी दाबावी ते दाखविले, आणि भावजयीने पहिली शिवण घातली ती आईच्या फाटलेल्या उशीच्या अभ्र्याला. मुलांसाठी कड्याच्या कुलपाचा एक लाकडी मुठीचा फ्रेंच चाकू मागविला. पुतण्याच्या मुलाने तो माझ्यासमोर दहा वेळा उघडून, कडे फिरवून, मिटवून दाखविला, तेव्हाच त्याच्या स्वाधीन केला. जुन्या चाकूची ढिली रिवेट मंगळवार पेठेतल्या एका म्हाताऱ्या कारागिराने बारीक हातोडीने ठोकून आवळून दिली, आणि पात्याच्या नखखाचेशी कानशीने थोडी जागा करून दिली, त्यामुळे माझे नख आता तेथे बरे बसते. त्याने याचे साठ रुपये घेतले. मी शंभर देऊ केले, तर म्हणाला, "चाकू चांगला आहे, सांभाळा." सल्ला ऐकून मला बरे वाटले, चाळीस रुपयेही वाचले.

भाचा निघाला त्या दिवशी त्याचा चाकू मी मऊ फडक्याने पुसून, मिटवून त्याच्या हाती दिला. विमानात हातातल्या पिशवीत चाकू नेऊ देत नाहीत, म्हणून तो मोठ्या पेटीत कपड्यांच्या घडीत गेला. पेटी बंद करण्यापूर्वी मी तो एकदा अंगठ्याने उघडून 'टक्' असा आवाज ऐकला. भाच्याने पाहिले, पण तो काही बोलला नाही. मोह गेला असे मी म्हणणार नाही. अजूनही सुतळी कापताना माझा अंगठा मुठीवर जेथे काही नाही तेथे काहीतरी शोधीत असतो.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, शाळा उघडण्याच्या आदल्या रविवारी, मी ओटीवर वर्तमानपत्र पसरून बसलो. यंदा एकोणीस पेन्सिली होत्या. आतल्या खोलीतून नव्या यंत्राचा एकसारखा, भुंग्यासारखा आवाज येत होता. गणवेशांच्या उंच्या वाढवावयाच्या होत्या. धाकट्या पुतण्याची चार वर्षांची मुलगी माझ्या गुडघ्याला टेकून टरफले गोळा करीत होती. या वर्षी तिची पहिलीच पेन्सिल त्या ओळीत होती. तिने चाकूकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले.

"आजोबा, तो टक् करणारा कुठे आहे?"

"तो अमेरिकेला गेला."

"परत कधी येणार?"

मी तिची पेन्सिल हातात घेतली आणि मान जरा जास्त लांब ठेवून तासू लागलो.